कालबाह्य नोंद आणि निष्क्रिय नोंद

मायक्रोसॉफ्टच्या ‘कॉन्फिगरेशन मॅनेजर’ या प्रणालीत संगणकाची नोंद प्रामुख्याने दोन मार्गांनी होते. ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’च्या शोधातून केवळ खात्याची माहिती मिळते, ‘हार्टबीट’ शोधात क्लायंट स्वतः आपले अस्तित्व कळवितो, तेही सामान्यतः दर ७ दिवसांनी. त्याच यंत्राची नवी नोंद झाली की जुनी कालबाह्य ठरते. दीर्घकाळ मूक राहिलेल्या यंत्राची नोंद मात्र निष्क्रिय होय. निष्क्रिय नोंद नुसती पुसली, तर डिरेक्टरीत शिल्लक राहिलेल्या खात्यामुळे पुढील शोधात ती परत येऊ शकते. मग सुरक्षाविषयक सुधारणा किती यंत्रांपर्यंत पोचल्या, हा हिशेबच चुकतो. यास्तव प्रथम खाते तपासावे, नंतर नोंद पुसावी. आणि पुसण्याची मुदत हार्टबीटच्या कालावधीहून अधिक ठेवावी. नाव उरले म्हणून वस्तू उरली, असे समजू नये.