घाट चढा, पण ब्रश कापू नका

सायकलला तंबू बांधून घाट चढायला निघालेल्या टोळक्यात एक तरी असा निघतो, जो वजन कमी करायचं म्हणून टूथब्रशची दांडी कापून आणतो. त्याला हिशोब मांडून दाखवा. माणूस, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो धरू. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट सव्वा तासात चढायचा, तर दहा ग्रॅम वाचवल्याने वेळ वाचतो अर्धा सेकंद! वर हाच गडी पायथ्याला मिसळ मागवतो आणि एक्स्ट्रा पावही सांगतो.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर तोही हिशोब होऊन जाऊ दे. वाई साधारण ७०० मीटर उंचीवर, पाचगणी जवळपास १,३०० वर. शंभर किलो ओझं ६०० मीटर वर न्यायला निव्वळ काम लागतं १४० किलोकॅलरींचं. पण शरीर इंजिन म्हणून भलतंच उधळं. खाल्लेल्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग ते नुसती उष्णता करून उडवतं. त्यामुळे प्रत्यक्षात सहाशे-सातशे किलोकॅलरी जातात, म्हणजे ढोबळमानाने दोन वडापाव. पाचगणीत पोचल्यावर आपण किती खातो, ते इथे लिहायची गरज नाही.

घाटाखालचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. २०२३ मध्ये राज्यगीत झालेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ घराघरात पोचलं ते त्यांच्याच आवाजात. ते गाणं या चढावर म्हणून बघा. दम तपासायची यापेक्षा स्वस्त चाचणी नाही. गाता येतंय म्हणजे तुम्ही आरामात आहात. गाता येत नाही पण अख्खं वाक्य बोलता येतंय, म्हणजे वेग बरोबर आहे. ‘थांब... पाणी’ एवढंच निघालं, तर गिअर खाली टाका.

आणि मित्राच्या मागे लपायचा मोह सोडा. सपाटीवर पुढच्याच्या चाकाला चिकटून गेलं की वारा तो खातो आणि आपले कष्ट चांगलेच वाचतात. चढावर वेग ताशी आठ-नऊ किलोमीटर. तेवढ्या वेगाला वाऱ्याचा अडसर जवळजवळ नसतोच, सगळी झुंज गुरुत्वाकर्षणाशी. चढावर मित्राचा उपयोग फक्त शिव्या घालायला.

गिअर टाका म्हटलं की काही जणांचा अपमान होतो. हा ताठा जुना आहे. १९०२ मध्ये फ्रान्समधल्या तूरमाले या पिरेनीजमधल्या अवघड घाटात एक स्पर्धा झाली. मार्थ एस ही बाई तीन गिअरच्या सायकलवरून पाय न टेकता चढली आणि एकाच गिअरवर झगडणाऱ्या एदुआर फिशर या नामी सायकलपटूला तिने मागे टाकलं. पुढच्याच वर्षी ‘तूर द फ्रान्स’ सुरू करणारे आंरी देग्रांज यांचं मत तरीही हेच, की गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी असतात. त्यांच्या शर्यतीत गिअर बदलणाऱ्या डिरेलरला परवानगी मिळायला १९३७ उजाडलं. तोपर्यंत चढ आला की स्पर्धक खाली उतरायचे आणि मागचं चाक काढून उलटं बसवायचे, कारण दुसऱ्या बाजूला मोठ्या दात्यांचं चक्र असायचं. पुढे उतार लागला की पुन्हा तोच खटाटोप!

या हट्टी मंडळींच्याच काळात, ऑक्टोबर १९२३ मध्ये, मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जग बघायला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून मार्च १९२८ मध्ये परतले. आपण ‘नेटवर्क नाही’ म्हणून कुरकुरतो.

आता मुक्काम. तंबू जंगलात नको, एखाद्या शेतमालकाला विचारून त्याच्या बांधाशी ठोकावा. रात्री डाळ शिजत नाही म्हणून आचाऱ्याला बोल लावू नका. दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळ्या फोडतं. पातेलं कितीही खदखदलं तरी आत ताप तेवढाच. मूगडाळ तांदळात ढकला आणि खिचडी करा, तूरडाळ घरच्या कुकरसाठी ठेवा.

पहाटे नाकावर थेंब पडला की कुणीतरी तंबू विकणाऱ्याचा उद्धार करतं. तंबू गळत नसतो, आपणच गळत असतो. झोपलेला माणूस रात्रीतून श्वास आणि कातडीवाटे पाव लिटरच्या आसपास पाणी सोडतो. दोघं मिळून अर्धा लिटर झालं, ते थंड कापडाला लागून परत आपल्याच अंगावर. गारठा वाटला तरी चेन वरून चार बोटं उघडी ठेवायची.

पावसाच्या तोंडावर, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, मोर्चा भंडारदऱ्याकडे वळवावा. झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात. उडत चमकणारे बहुतेक नर, माद्यांना हाका घालणारे. त्या उजेडात उष्णता जवळजवळ नसते. सायकलचा दिवा मात्र बंद करा, त्या झगमगाटात बिचाऱ्यांची प्रेमपत्रं पोचत नाहीत.

उष्णता किती असू शकते, हे बघायचं तर आंबेनळी घाट. महाबळेश्वरहून प्रतापगडाच्या अंगाने पोलादपूरला उतरताना जवळपास १,३०० मीटर उंची आपण गमावतो. शंभर किलोंच्या हिशोबाने एवढ्या ऊर्जेत चार लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल, म्हणजे टोळक्याचा चहा होऊन वर आंघोळीलाही उरेल. थोडी ऊर्जा वारा पळवतो, बाकीची ब्रेकच्या गळ्यात. रिमला घासणारे ब्रेक शू सतत दाबून धरले, तर रिम चटका बसेल इतकी तापते आणि ट्यूब फुटूही शकते. म्हणून वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावायचे, सुटल्यावर पूर्ण सोडायचे. मध्ये एकदा थांबून रिमपाशी बोट न्यावं, लावायची घाई नको. थांबल्यावर पिशवीवर हात ठेवा. इथल्या माकडांना बिस्किटाच्या पुड्याचा आवाज आपल्याआधी ऐकू येतो.

पोलादपूरहून परतीला दोन वाटा. आल्या घाटाने वर, किंवा महाडवरून वरंध घाट चढून भोरला. मतदान घेतलंत तर तिसरा उमेदवार, टेम्पो, प्रचंड बहुमताने निवडून येतो.