‘लँड सीडिंग नो’ म्हणजे पेरणी झाली नाही असं नव्हे! मोबाइलवरच्या इंग्रजी शब्दांचा घोळ समजून घ्या

मोताळा : “पेरणी तं जूनमधीच झाली भाऊ, मंग हे ‘लँड सीडिंग नो’ काऊन दाखवते?” असं म्हणत एका काकांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. पीएम किसानचा 2 हजारांचा हप्ता थांबलेला. सीड म्हणजे बियाणं, हे बियाण्याच्या पिशव्यांवरून आपल्याला पाठच झालंय. इथं मात्र सीडिंग म्हणजे नोंद जोडणं. तुमच्या जमिनीची नोंद योजनेला जोडलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन तालुका कृषी कार्यालयात किंवा तहसीलमध्ये विचारा.

त्याच पानावर ‘आधार बँक सीडिंग’ असंही असतं. इथं खरा गोंधळ होतो. बँकेत सांगतात, आधार लिंक आहे. मोबाइल दाखवतो, सीडिंग नाही. दोन्ही खरं असू शकतं! लिंक म्हणजे तुमचा आधार नंबर बँकेनं तुमच्या खात्याला लावला. सीडिंग म्हणजे सरकारी पैसा कोणत्या बँकेत टाकायचा, याची एनपीसीआयकडे झालेली नोंद. ही नोंद एका वेळी एकाच बँकेची राहते. खाती दोन असली तर शेवटी जिथं सीडिंग केलं तिथं पैसा जातो. पैसे आले नाहीत म्हणून ओरड करतो आणि रक्कम दुसऱ्याच पासबुकात पडलेली असते. माय आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ मध्ये बँकेचं नाव दिसतं. समोर ‘अॅक्टिव्ह’ असलं म्हणजे चालू, ‘इनअॅक्टिव्ह’ म्हणजे बंद. त्यासाठी आधारला मोबाइल नंबर जोडलेला पाहिजे.

आता क्रेडिट. दुकानाच्या बिलावर क्रेडिट म्हणजे उधारी. बँकेच्या मेसेजमध्ये ‘क्रेडिटेड’ म्हणजे जमा. शब्द एकच, पण एक ऐकून पोटात गोळा येतो अन् दुसरा वाचून बरं वाटतं. ‘डेबिटेड’ म्हणजे खात्यातून गेले. मेसेजमध्ये नुसतं ‘सीआर’ असलं तर जमा, ‘डीआर’ असलं तर वजा. डीआर म्हणजे इथं डॉक्टर नव्हे.

पीककर्जात ‘सँक्शन्ड’ म्हणजे मंजूर आणि ‘डिस्बर्स्ड’ म्हणजे खात्यात टाकलं. नुसत्या सँक्शनच्या भरवशावर खत-बियाण्याचा सौदा करू नका. ‘ड्यू डेट’ ही भरण्याची शेवटची तारीख, ‘ओव्हरड्यू’ म्हणजे ती टळली, कर्ज थकीत झालं. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज लागत नाही, पण वेळेत भरलं तरच.

पोरं व्हॉट्सअॅपवर ‘ब्रो’, ‘के’, ‘टीवाय’ लिहितात. के म्हणजे ओके, टीवाय म्हणजे थँक यू. हे नाही समजलं तरी आपलं काही बिघडत नाही. बिघडतं ते ‘पे’ अन् ‘रिसीव्ह’ मध्ये. पे म्हणजे देणं, रिसीव्ह म्हणजे घेणं. ‘रिक्वेस्ट’ आली तर समोरचा पैसे मागतोय, देत नाही. कापसाचे, म्हशीचे पैसे पाठवतो म्हणून कोणी पिन टाकायला सांगितला, तर तिथंच थांबा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागतच नाही.

आणि आपण काही केलं नसताना ‘डेबिटेड’ दिसलं, तर पोरगा शाळेतून येईपर्यंत वाट पाहू नका. लगेच 1930 वर फोन लावा, मग बँकेला कळवा. मेसेज पुसू नका, त्यातला रेफरन्स नंबर तक्रारीला लागतो.