सावली मोजा, पृथ्वी मोजा

सहावी ते आठवीच्या मुलांना शाळेतून 'प्रकल्प' मिळाला की घरोघरी काय होतं, ते पालकांना चांगलं ठाऊक आहे. स्टेशनरीच्या दुकानातून सूर्यमालेचा किंवा पचनसंस्थेचा छापील तक्ता येतो, तो कापून वहीत चिकटतो, भोवती स्केचपेनची नक्षी निघते. थर्मोकोलचा ज्वालामुखी असेल तर आई-बाबा रात्री जागतात. यात मुलांचा दोष नाही. ज्याचं उत्तर आधीच छापून आलेलं आहे, त्यात शोधायचं तरी काय?

अकरा ते चौदा हे वय शोधण्याचं आहे. हात बऱ्यापैकी स्थिर झालेले असतात, गणित थोडंफार येत असतं आणि 'हे खरं कशावरून?' असं विचारायची भीड अजून वाटत नसते. या वयाला साजेसा, जवळजवळ बिनखर्चाचा एक प्रकल्प इथे सविस्तर सांगतो. दोन शाळांनी मिळून पृथ्वीचा घेर मोजायचा.

कल्पना जुनी आहे. इसवी सनापूर्वी २४०च्या आसपास अलेक्झांड्रियातल्या एराटोस्थेनिसला माहीत होतं, की दक्षिणेला सायीन (आजचं आस्वान) इथे उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. त्याच दिवशी अलेक्झांड्रियात मात्र सूर्यकिरण ७.२ अंशांनी कललेले होते. सूर्य इतका दूर आहे, की त्याचे किरण समांतर धरता येतात. मग ही ७.२ अंशांची तफावत पृथ्वीच्या गोलाईमुळेच आली असणार. ७.२ अंश म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग. म्हणून दोन शहरांतलं अंतर गुणिले पन्नास, हा पृथ्वीचा घेर. आठवीत समांतर रेषा आणि व्युत्क्रम कोन शिकवतात, त्यांचा याहून मोठा उपयोग मला तरी माहीत नाही.

महाराष्ट्रात यासाठी कोल्हापूर आणि नाशिक ही जोडी छान जमते. दोन्ही जवळपास एकाच रेखांशावर आहेत आणि दक्षिणोत्तर अंतर सुमारे ३६५ किलोमीटर भरतं. हे अंतर मुलांनी नकाशावर पट्टी ठेवून आणि नकाशाचं प्रमाण वापरून काढावं. एसटीचे किलोमीटर इथे चालत नाहीत, कारण रस्ता वळणं घेत जातो.

दिवस कोणता? २२ डिसेंबरच्या आसपासचा. शाळा चालू असतात, आभाळ स्वच्छ असतं आणि सूर्य दक्षिणेला सर्वांत जास्त कललेला असल्यामुळे सावल्या लांब पडतात. शिवाय त्या आठवड्यात सूर्याची उंची रोज फारशी बदलत नाही. एका गावी ढग आले आणि मोजणी दोन दिवसांनी केली, तरी बिघडत नाही. मार्चमध्ये हेच केलं तर एका दिवसाच्या फरकानं जवळपास ०.४ अंशाची चूक शिरते.

एक मीटरची सरळ काठी सपाट जमिनीवर उभी करायची. ती खरोखर उभी आहे का, हे डोळ्यांनी ठरवायचं नाही; गवंड्याचा ओळंबा लावायचा. जमीन सपाट आहे का, ते पाणसळ सांगते. त्यासाठी गावातल्या गवंडीकाकांना शाळेत बोलवावं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, ते स्थानिक कारागिरांकडून शिकण्यासाठीच. ओळंबा का लोंबतो आणि पाणसळीतला बुडबुडा मध्येच का थांबतो, हे गवंडीकाका हातात साहित्य घेऊन दाखवतील. त्या तासाला विज्ञानाच्या बाईंनीही मुलांमध्ये बसावं.

मग मध्यान्ह कधी, हा प्रश्न येतो. बारा वाजता सूर्य डोक्यावर, असं आपण सहज म्हणतो. कोल्हापुरात डिसेंबरात सर्वांत आखूड सावली साडेबाराच्या सुमारास पडते, कारण आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर चालतात. त्यातून सूर्य तेव्हाही डोक्यावर नसतोच. मुलांना हे सांगू नये. अकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करायला लावावी, त्यांचं त्यांना कळेल. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिर्विदांची रीत तर घड्याळाशिवायची होती. बारा अंगुळांचा शंकू उभा करायचा, त्याभोवती वर्तुळ काढायचं, सकाळी आणि दुपारी सावलीचं टोक वर्तुळाला शिवेल तिथे खुणा करायच्या. त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. तिच्यावर शंकूच्या पायातून काढलेला लंब म्हणजे दक्षिणोत्तर. सावली त्या लंबावर आली की मध्यान्ह. शुल्बसूत्रांपासून चालत आलेली ही रीत सहावीच्या मुलांना दोरी आणि खडूनं जमते.

खरी गंमत पुढे आहे. कोल्हापुरात सावली सुमारे ८४ सेंटीमीटर भरायला हवी, नाशिकमध्ये सुमारे ९५. पण मोजायला बसलं की सावलीच्या टोकाला धार नसते; ते दीडेक सेंटीमीटरभर पुसट असतं. सूर्य हा ठिपका नाही, आकाशात त्याची रुंदी अर्धा अंश आहे, म्हणून असं होतं. टोक नेमकं कुठे धरायचं यावर वर्गात वाद होतील. ते होऊ द्यावेत. वाद घालून दमल्यावर काठीच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पुठ्ठा लावायचा. सावलीच्या टोकाशी सूर्याचं लंबगोल प्रतिबिंब पडतं, त्याचा मध्य धरायचा. (सूर्याकडे थेट कुणीही बघायचं नाही, हे बजावून सांगावं.)

आता काठी आणि सावली प्रमाणात कागदावर काढायची आणि वरच्या टोकाचा कोन फळ्यावर वापरतात त्या मोठ्या कोनमापकानं मोजायचा. त्रिकोणमितीची गरज नाही. कोल्हापूरचा कोन सुमारे ४०.१ अंश, नाशिकचा ४३.४. फरक ३.३. मग ३६० भागिले ३.३, गुणिले ३६५: उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या अगदी जवळ येतं, आणि पृथ्वीचा घेर तेवढाच आहे.

मात्र पहिल्या फटक्यात ते क्वचितच येईल. कोनात अर्ध्या अंशाची चूक झाली, तर उत्तर पस्तीस हजारांपर्यंत घसरतं किंवा सत्तेचाळीस हजारांपर्यंत चढतं. अशा वेळी शिक्षकांनी उत्तर पुस्तकाशी जुळवून घेण्याचा मोह टाळावा. दहा गटांची दहा उत्तरं फळ्यावर लिहावीत, सरासरी काढावी, सर्वांत वेगळं उत्तर कुठे चुकलं ते त्या गटानंच शोधावं. काठी कलली होती का? जमीन उतरती होती का? माझ्या मते या प्रकल्पाचे निम्मे गुण या शोधालाच द्यायला हवेत.

हातानं शिकवण्याचे असे प्रयत्न आपल्याकडे नवे नाहीत. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये 'होशंगाबाद विज्ञान' हा शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा सहावी ते आठवीची मुलं खेड्यातल्या सरकारी शाळांत बसून स्वतः प्रयोग करत होती. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम उभा केला. तिथून शाळांत गेलेल्या अभ्यासक्रमात मुलं आठवड्यातला एक दिवस शेती, बांधकाम, वीज, स्वयंपाक अशी खरी कामं करतात. अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून भूमिती शिकवली. साहित्य महाग नसतं, हे या सगळ्यांनी दाखवून दिलं. वेळ मात्र द्यावा लागतो, आणि तो द्यायला शाळा कचरतात.

तुम्ही शिक्षक असाल तर नोव्हेंबरातच तीनशे-चारशे किलोमीटर उत्तरेला किंवा दक्षिणेला एखादी शाळा गाठा. ओळखीचे बदली होऊन गेलेले सर असतील, कुणाचं आजोळ असेल. पालक असाल तर मुलाच्या शाळेत जाऊन हा प्रकल्प सुचवा, आणि त्या दुपारी दोन तास मैदानावर उभं राहायला स्वतः जा. काठी मात्र मुलांनाच उभी करू द्या.