शब्दांतली बंदूक, पडद्यावरची बंदूक

‘त्याने भिंतीवरची बंदूक काढली आणि तो रानाकडे निघाला’ एवढे लिहिले की कथालेखकाचे काम भागते. बंदूक ठासणीची की काडतुसाची, एकनळी की दुनळी, छऱ्याची की गोळीची, हे वाचक विचारत नाही. त्या कथेवर चित्रपट करणाऱ्याला ही सवलत मिळत नाही, कारण कॅमेऱ्यासमोर नुसती ‘बंदूक’ ठेवता येत नाही. तिथे एक ठरावीक बंदूकच ठेवावी लागते, आणि ती ठेवली की काळ, ऐपत, कायदा आणि गावातली उतरंड या साऱ्यांविषयी काहीतरी बोलले जाते. दिग्दर्शकाला ते बोलायचे असो वा नसो.

आधी वस्तू समजून घेऊ

मराठीत ‘बंदूक’ हा शब्द फार ऐसपैस आहे. शिकारी मंडळी मात्र छऱ्याची बंदूक आणि रायफल यांत कधी गल्लत करीत नाहीत. रायफलच्या नळीत आतून पीळ असतो आणि तिची एकच गोळी लांबवर नेमकी जाते. छऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. बारीक छऱ्याच्या एका काडतुसातून दोन-तीनशे छर्रे सुटतात, ते पसरत जातात आणि साधारण पस्तीस-चाळीस मीटरपलीकडे त्यांचा भरवसा राहत नाही. तितर, लावे, पखुर्ड्या यांच्यासाठी ही बंदूक योग्य. दोन फर्लांगांवरचा माणूस तिने लोळवणारा नायक फक्त पडद्यावरच भेटतो.

‘बाराबोर’ या शब्दाचा उगमही गमतीचा आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातल्या एकीचा जो व्यास तोच नळीचा, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. म्हणून सोळाबोरची नळी बाराबोरपेक्षा बारीक. जुन्या दुनळीला बहुधा दोन चाप असतात. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. दोन बार झाले की बंदूक बिजागरीवर दुमडून नवी काडतुसे भरावीच लागतात. ठासणीच्या बंदुकीचा खटाटोप याहून मोठा. नळीच्या तोंडातून दारू, बोळा, छर्रे, वर पुन्हा बोळा, गजाने ठासणे, मग टोपी बसवणे. बार झाला की काळ्या दारूचा पांढरा धूर समोर पसरतो आणि जनावर पडले की पळाले, हे क्षणभर दिसतच नाही.

हे ठाऊक असलेला दिग्दर्शक याच गोष्टींतून प्रसंग उभा करू शकतो. दोन्ही बार संपलेला माणूस आणि समोर चाल करून येणारे डुक्कर यांच्यामध्ये बंदूक दुमडण्याचे ते दोन-चार क्षण असतात. नायकाने न थांबता तिसरा बार काढला, की प्रसंगातली भीती आणि त्याबरोबर खरेपणा दोन्ही जातात.

बंदूक कोणाच्या हातात?

हा प्रश्न मला यंत्रापेक्षा महत्त्वाचा वाटतो. १८७८च्या शस्त्र कायद्यानंतर बंदूक बाळगायला परवाना लागू लागला. खेड्यात तो मिळे इनामदाराला, एखाद्या पाटलाला, साहेबाच्या मर्जीतल्या माणसाला. म्हणजे वाड्याच्या भिंतीवर टांगलेली दुनळी ही सरकारदरबारी वजन असल्याची खूण होती. आमच्या नगर जिल्ह्यातल्या कर्जत, श्रीगोंद्याच्या माळरानांवर काळवीट, माळढोक, तितर यांची शिकार दोन तऱ्हांनी होत आली. परवानेवाले बंदूक घेऊन जात आणि पारधी फासे लावीत. गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर जन्मजात शिक्का मारला त्यांत पारधीही होते. कायद्यातला तो शिक्का १९५२ साली पुसला गेला, लोकांच्या मनातला अजून पुरता पुसलेला नाही. अशा काळातल्या कथेवरच्या चित्रपटात प्रसंग रंगावा म्हणून पारध्याच्या हाती बंदूक दिली, तर चूक केवळ वेशभूषेची उरत नाही. कोणाला बंदूक मिळत नव्हती, हे सत्यच पडद्यावरून नाहीसे होते.

मृणाल सेन यांनी हे अचूक ओळखले होते. भगवतीचरण पाणिग्राही यांच्या ‘शिकार’ या ओडिया कथेवरच्या ‘मृगया’मध्ये (१९७६) आदिवासी घिनुआच्या हाती तिरकमठा आहे आणि साहेबाच्या हाती बंदूक. दोघांना शिकारीचे सारखेच वेड. पण कोणती शिकार बक्षिसाची आणि कोणती फाशीची, हे ठरवण्याचा अधिकार एकाकडेच आहे.

काळाचेही भान हवे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा अर्थच पालटला. १९७९मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य झाले, १९८०मध्ये कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य झाले. साठच्या दशकातल्या कथेत काळवीट मारणारा पाटील हौशी ठरतो. तीच कथा ऐंशीच्या दशकात आणून ठेवली की तो गुन्हेगार होतो.

हत्यार बदलले की गोष्ट बदलते

मूळ तपशील बदलूच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाड़ी’त दोघे सरदार शेवटी तलवारी उपसतात आणि दोघेही मरतात. आपल्या बादशहासाठी ज्यांनी तलवार उचलली नाही, ते बुद्धिबळातल्या वजिरासाठी जीव देतात, हा कथेचा डंख. सत्यजित राय यांनी १९७७च्या चित्रपटात तलवारीच्या जागी पिस्तूल आणले. मीर साहेबाच्या हातून ते उडते, मिर्झाच्या शालीला गोळी चाटून जाते आणि थोड्या वेळाने दोघे पुन्हा डाव मांडतात. तलवारीला निदान सराव आणि हिंमत लागते. पिस्तूल घाबरलेल्या बोटानेही उडते. राय यांनी या माणसांना मरणाची प्रतिष्ठासुद्धा नाकारली. बदल जाणून केलेला असला की तो मूळ कथेवरचे भाष्य ठरतो. अजाणता झालेल्या बदलाला ती किंमत देता येत नाही.

मराठी कथा-कादंबऱ्यांवरच्या चित्रपटांना हीच कसोटी लावता येते. फक्त तिथे बंदुकीच्या जागी दुसऱ्या वस्तू येतात. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा ‘जैत रे जैत’ (१९७७) आग्या मोहोळाभोवती फिरतो. कड्याला लोंबणारे ते उघडे पोळे आणि तिथवर पोचण्यातला जिवाचा धोका पडद्यावर पटला नसता, तर नाग्याचे वैर पोरकट वाटले असते. अकोले तालुक्यातल्या ठाकरांना हा धोका सांगावा लागत नाही. शहरी प्रेक्षकाला तो दिसावा लागतो. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरच्या ‘सिंहासन’मध्ये (१९७९) खुर्च्या हलतात त्या टेलिफोनवरून. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेवरच्या ‘अर्धसत्य’मध्ये (१९८३) ज्याच्या नोकरीतच हत्यार आहे असा फौजदार वेलणकर शेवटी रामा शेट्टीचा गळा आपल्या हातांनी आवळतो. तिथे गोळी झाडली असती तर ती पोलिसी कारवाई वाटली असती. हातांनी केलेल्या खुनाची जबाबदारी दुसऱ्या कशावर ढकलता येत नाही. हा रामा शेट्टी साकारणारे सदाशिव अमरापूरकर आमच्या नगरचे.

आता काय उरले आहे

आज चित्रीकरणात प्राणी-पक्षी वापरायचे तर परवानगीचे कडक नियम आहेत, आणि ते योग्यच आहेत. त्यामुळे शिकार आता बाराचा आवाज, थव्याची फडफड आणि पाहणाऱ्याचा चेहरा यांतूनच दाखवावी लागते. अशा वेळी हातातली वस्तू आणि ती हाताळण्याची रीत यांवरच सगळा भार येतो. पण ती रीत जाणणारी माणसे कमी होत चालली आहेत. परवान्याच्या जुन्या दुनळ्या वारसांना नकोशा झाल्या आहेत. फासे विणणारे हात म्हातारे झाले आहेत, आणि कोणत्या पाखराला कोणता फासा, हे सांगणारी माणसे उघडपणे बोलायला कचरतात, कारण त्या ज्ञानाने त्यांना आजवर चौकीचीच वाट दाखवली आहे. ग्रामीण कथेवर चित्रपट करू पाहणाऱ्या तरुणांनी पटकथा पक्की होण्याआधी वाड्यावरच्या आजोबांकडे जावे, तसेच पारध्यांच्या पालावरही जावे. नुसत्या बंदुकीचे छायाचित्र काढून भागणार नाही. ती कोण हाताळत असे आणि कोणाला तिला हात लावायची मुभा नव्हती, हेही टिपून आणावे.