वळण की वळ?

‘आम्ही नाही का मार खाल्ला? काय बिघडलं आमचं?’ हा डायलॉग आपण सगळ्यांनी ऐकलाय, मारलाही आहे. पण आता आपणच आईबाबा होतोय. तेव्हा धाक कुठे संपतो आणि छळ कुठे सुरू होतो, ते एकदा नीट बघून घ्यायला हवं.

गणपतीची सुट्टी. मुंबई-पुण्याची सगळी गँग रत्नागिरीला, गावच्या घरी. आरती झाली, मोदक झाले, की रात्री पडवीत पत्ते पडतात आणि गप्पांचा फड रंगतो. मग एक विषय हमखास निघतो. कुणाला, कुणी, कशाने मारलं! एकाला निरगुडीच्या फोकाने, दुसऱ्याला पायताणाने, तिसऱ्याला बाबांच्या पट्ट्याने. कुणाला रात्रभर पडवीत झोपवलं होतं, कुणाला भर दुपारी अंगणात अंगठे धरून उभं केलं होतं. प्रत्येक किस्सा आधीच्यापेक्षा भारी, आणि प्रत्येक किश्शाला हशा!

अशा प्रत्येक फडात एखादा असतो, जो हसत नाही. तो पाणी प्यायच्या निमित्ताने उठतो आणि आत जातो.

दोघांनीही मारच खाल्लेला असतो. मग एकाला त्याची गंमत वाटते आणि दुसऱ्याला तीस वर्षांनीही घशाखाली उतरत नाही, असं का?

‘बाबा येऊ देत, मग बघ!’

कोकणातल्या धाकाला एक वेगळं वेळापत्रक होतं. बाबा मुंबईला चाकरमानी, घर आईच्या आणि आजीच्या जिवावर. बाबा यायचे शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला. मधल्या काळातल्या सगळ्या तक्रारी साठवून ठेवल्या जायच्या. ‘येऊ देत तुझे बाबा, सगळं सांगते,’ हे वाक्य ऐकत कित्येक पिढ्या वाढल्या. म्हणजे बघा, चूक जूनमधली आणि शिक्षा सप्टेंबरमध्ये! ज्या माणसाची वर्षभर वाट बघायची, त्याच्याच पावलांची भीतीही बाळगायची. मारणाऱ्या बापालाही त्यातून काय मिळत असेल? चार दिवसांची सुट्टी आणि त्यातही खलनायकाचा रोल.

त्यात भर मार्कांची. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग दर वर्षी राज्यात पहिला. २०२५ साली दहावीचा निकाल होता ९८.८२ टक्के. अभिमानाचीच गोष्ट! पण जिथे जवळपास सगळेच पास होतात, तिथे नापास होणाऱ्या एखाद्याच्या घरी त्या दुपारी काय होत असेल, याचा विचार पेढे वाटताना कुणी करत नाही.

श्यामच्या आईने मारलं होतं की!

मुलांना मारण्याचा विषय निघाला, की कुणीतरी श्यामला साक्षीला आणतंच. साने गुरुजी याच जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातल्या पालगडचे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिलं, १९३५ साली ते छापून आलं. अत्र्यांचा सिनेमा १९५३चा, आणि त्याला १९५४ साली राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. शाळेत आपण छडीची थोरवी सांगणारं जे गाणं नाचत नाचत म्हटलं, तेही याच सिनेमातलं.

पुस्तकातला तो प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. श्याम पोहायला जायला घाबरतो, लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारत मारत विहिरीकडे पिटाळते. श्याम पोहायला शिकतो. पण घरी येतो तेव्हा अंगावर वळ असतात आणि मनात राग. ते वळ बघून आईच्याच डोळ्यांत पाणी येतं.

हा प्रसंग नीट वाचला तर दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली म्हणजे, तो मार कशासाठी आहे हे श्यामला ठाऊक होतं. पाण्यात उतरलं की मार थांबणार, हेही ठाऊक होतं. आणि त्याच दिवशी आईने त्याला जवळ घेतलं. पडवीत किस्सा सांगून हसणाऱ्यांना बहुतेक वेळा नेमकं हेच मिळालेलं असतं. उठून आत जाणाऱ्याला मिळालेलं नसतं. त्याचा मार कारणाशिवाय सुरू व्हायचा, मारणाऱ्याचा हात दुखेपर्यंत चालायचा आणि नंतर घरात कुणीच त्याबद्दल बोलायचं नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. श्यामच्या आईचा लोकांच्या मनात बसलेला धडा कुठला? पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस, तसं मनालाही जप, हा. त्या वेळी आंघोळ केलेल्या श्यामचे ओले पाय मळू नयेत म्हणून तिने स्वतःचं लुगडं दगडावर पसरलं होतं. तिथे ना छडी, ना फोक! पुस्तकभर ती बोलून, समजावून, स्वतः वागून शिकवते. आपण मात्र तिचा एक दिवसाचा मार उचलला आणि बाकीचं पुस्तक सोडून दिलं.

कायदा काय म्हणतो, बॉस?

शाळेचं उत्तर सोपं आहे. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्हींना बंदी आहे. कागदावर तरी छडी संपली.

घराचं उत्तर मात्र गुंतागुंतीचं. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंड संहितेत कलम ८९ होतं. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्‌हेतूने केलेली गोष्ट गुन्हा ठरत नाही, असं ते सांगायचं. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, आणि हीच तरतूद तिथे कलम २७ म्हणून बसली. पण या सवलतीला कुंपण आहे. शिस्तीच्या नावाखाली केलेली जबर दुखापत त्यात बसत नाही, आणि हाड मोडणं, दात पडणं ही कायद्याच्या लेखी जबर दुखापतच. आपल्याकडे रागाच्या भरात ‘तंगडं मोडीन’, ‘दात पाडीन’ असं सर्रास म्हटलं जातं ना? ते खरं केलं, तर ‘भल्यासाठीच मारलं’ हे म्हणणं टिकत नाही.

दुसरीकडे २०१५चा बाल न्याय कायदा आहे. त्याचं कलम ७५ म्हणतं, की मूल ज्याच्या ताब्यात आहे, त्याने त्याला मारहाण केली, छळलं किंवा मुद्दाम दुर्लक्ष केलं, आणि त्यातून मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक यातना होण्याजोगी परिस्थिती आली, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘मानसिक’ हा शब्द लक्षात ठेवा. अंगाला बोटही न लावता छळ करता येतो. दोन-दोन दिवस अबोला, पाहुण्यांसमोर अपमान, काळोख्या खोलीत कोंडणं, जेवण बंद करणं... यातल्या कशाचाच वळ दिसत नाही.

जग कुठे आहे? स्वीडनने १९७९ सालीच घरातल्या मारावरही बंदी घातली. शेजारच्या नेपाळने २०१८ साली. भारतात घराला पूर्ण बंदी अजून नाही. ऑनसाइटला जाणाऱ्यांनी तर हे नक्की लक्षात ठेवावं. नॉर्वेत १९८७ पासून बंदी आहे. तिथे डिसेंबर २०१२ मध्ये एका भारतीय जोडप्याला मुलाला वाईट वागणूक दिल्याबद्दल ऑस्लोच्या कोर्टाने शिक्षा सुनावली. वडिलांना १८ महिने, आईला १५. वडील सॉफ्टवेअरवाले. म्हणजे आपल्यातलेच.

आकडे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बाल अत्याचारांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यं, १२,४४७ मुलं, आणि त्यात महाराष्ट्रही होता. दर तीन मुलांतल्या दोघांनी शारीरिक अत्याचार सोसला होता. कुटुंबात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे होते खुद्द आईवडील.

‘पण मारल्याने सुधारतात ना?’ २०१६ साली एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या अमेरिकी संशोधकांनी पाच दशकांतले अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत सुमारे १ लाख ६० हजार मुलं होती. विषयही पट्टा-फोक नव्हता, साधे हाताचे फटके होते. ज्या मुलांना जास्त फटके, त्यांच्यात आक्रमकपणा जास्त, मानसिक त्रास जास्त, आईबापांशी नातं कमकुवत. मूल त्या क्षणी गप्प बसतं, एवढीच काय ती कमाई.

आणि या रस्त्याचं टोक कुठे आहे, ते महाराष्ट्राने जून २०२५ मध्ये पाहिलं. सांगली जिल्ह्यात ‘नीट’ची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीला सराव परीक्षेत मार्क कमी पडले, म्हणून बापाने मारलं. ती वाचली नाही. मुलगी हुशार, बाप स्वतः शिक्षण क्षेत्रातला. त्या रात्री हात उचलताना त्यालाही आपण शिस्तच लावतोय असं वाटत असेल. भीती वाटायला हवी ती नेमकी याची.

मग रेघ कुठे?

कोर्टाची रेघ दुखापतीवर असते. घरातली रेघ त्याच्या बरीच अलीकडे असायला हवी. हे प्रश्न स्वतःला विचारून बघा.

• हात उचलला तो मुलाच्या चुकीमुळे, की बॉस, ईएमआय आणि ट्रॅफिक यांच्यामुळे? हीच चूक रविवारी सकाळी झाली असती तर?
• आपण कशासाठी चिडलोय आणि हे कधी थांबणार, ते मुलाला सांगता येईल का?
• हातात वस्तू आली का? पट्टा, लाटणं, हँगर? वस्तू शोधायला गेलात, म्हणजे तेवढ्या वेळात थांबताही आलं असतं.
• उद्या शाळेत फुल बाह्यांचा शर्ट घालून पाठवावं लागेल का? ‘बाहेर सांगू नकोस’ असं म्हणावं लागलं का?
• लॅच उघडल्याचा आवाज आला, की मूल दाराकडे धावतं की आतल्या खोलीत?

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं चुकली, तर ती शिस्त उरलेली नाही. मुलाला धाक नियमाचा हवा. तो माणसाचा झाला, की मूल नियम शिकत नाही, लपायला शिकतं.

मारायचं नाही म्हणजे डोक्यावर बसवायचं, असंही नाही हं! नियम आधी सांगा, मोजकेच सांगा आणि रोज तेच ठेवा. गेम तासभर म्हणजे तासभर. मोडला तर उद्याचा तास कट, विषय संपला. राग अनावर झाला तर मुलाला कोंडू नका, तुम्ही गॅलरीत जा. आणि हात उठलाच, तर त्याच रात्री जवळ बसून ‘माझं चुकलं’ म्हणा. मोठ्यांनी माफी मागितलेली मुलं विसरत नाहीत.

भिंतीपलीकडून आवाज येतोय?

‘त्यांचा घरगुती मामला आहे’ म्हणून टीव्हीचा आवाज वाढवू नका. १०९८ हा मुलांसाठीचा फ्री हेल्पलाइन नंबर चोवीस तास चालू असतो, आणि फोन मोठ्यांनीही करता येतो. प्रत्येक जिल्ह्यात, अर्थात रत्नागिरीतही, बाल कल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे. जिवावर बेतेल असं वाटलं तर थेट ११२. एकट्याने जाऊन बापाशी भांडू नका. तुम्ही निघून आल्यावर त्याचा वचपा मुलावरच निघू शकतो.

राहता राहिला प्रश्न आपल्या स्वतःच्या लहानपणाचा. बाबांनी फी भरली, रात्र-रात्र जागून दवाखान्यात बसले, मुंबईत डाळभात खाऊन मनिऑर्डर पाठवली, हे खरं. त्यांनी पट्ट्याने मारलं ते चुकलं, हेही खरं. एक मान्य करायला दुसरं खोटं पाडावं लागत नाही. त्यांना त्यांच्या बापाने जे दिलं, तेच त्यांनी पुढे दिलं. आपल्याकडे निदान १०९८ आहे, कायदा आहे आणि दार उघडून गॅलरीत जायची अक्कल आहे. वळण त्यांच्याकडून घेऊया. वळ मात्र पुढे द्यायची गरज नाही.