मुक्त आज्ञावलीला परकी जोड : आधी परवाना पाहावा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील महाराज बाडा हा शिंदे संस्थानाच्या काळाची साक्ष देणारा चौक होय. टपाल कार्यालय, टाऊन हॉल, व्हिक्टोरिया मार्केट अशा निरनिराळ्या शैलींच्या वास्तू त्याच्याभोवती उभ्या आहेत. शहराचे मध्यवर्ती ग्रंथालयही येथेच आहे. ग्रंथालयांचे काम आता ठिकठिकाणी संगणकावर होऊ लागले आहे. ज्या आज्ञावलीवर ते चालते तिची रचनाही या चौकासारखीच असते. तिचे भाग अनेक हातांनी घडविलेले असतात आणि प्रत्येक भागावर त्याच्या कर्त्याचा हक्क असतो.

'कोहा' ही ग्रंथालयांसाठी असलेली मुक्त आज्ञावली याचे चांगले उदाहरण आहे. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालय संस्थेसाठी १९९९ साली तिची निर्मिती झाली. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. भारतातील अनेक ग्रंथालयांत ती वापरात आहे. जीएनयू सार्वजनिक परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीनुसार ती कोणालाही वापरता, तपासता, बदलता व वाटता येते. मात्र बदललेली आज्ञावली इतरांना द्यावयाची झाल्यास ती त्याच परवान्याखाली, मूळ संहितेसह द्यावी लागते.

कोहामध्ये ग्रंथालयाला स्वतःची छोटी स्क्रिप्ट जोडण्याची सोय आहे. समजा, एखाद्या शिक्षकाने वाचकांच्या सोयीसाठी मराठी कळफलक दाखविणारी स्क्रिप्ट महाजालावरून उतरवून घेतली व ती जोडली. हेतू चांगला असला तरी प्रश्न येथेच उद्भवतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृतीत मोडते. तिच्यावरील हक्कासाठी नोंदणीची आवश्यकता नसते. म्हणून जिच्यावर परवाना लिहिलेला नाही ती स्क्रिप्ट बेवारस नव्हे. कर्त्याच्या अनुमतीवाचून ती घेता येत नाही.

परवाना असला तरी त्याचा प्रकार पाहणे अगत्याचे आहे. एमआयटी परवान्याची स्क्रिप्ट कोहासोबत देता येते. केवळ कर्त्याचे नाव व परवान्याचा मजकूर कायम ठेवावा लागतो. अपाची परवान्याची दुसरी आवृत्ती जीएनयूच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळते, परंतु दुसऱ्या आवृत्तीशी जुळत नाही. 'व्यापारी उपयोगास मनाई' अशी अट असलेली स्क्रिप्ट मात्र कोहाचा भाग करून वाटता येत नाही. कारण जीएनयू परवाना अशी जादा बंधने घालू देत नाही.

ही दक्षता न घेतल्यास नुकसान ग्रंथालयाचेच होते. परिश्रमपूर्वक केलेली सुधारणा तालुक्यातील इतर ग्रंथालयांना देता येत नाही. कर्त्याने हरकत घेतल्यास चालू काम थांबवून स्क्रिप्ट काढावी लागते. तोवर ती जोडणारा कर्मचारी बदलून गेला असेल, तर ती कोठून आली हे सांगणारेही कोणी उरत नाही.

यास्तव स्क्रिप्ट जोडण्यापूर्वी तिचा परवाना वाचावा. तिचे नाव, कर्ता, आवृत्ती, मिळाल्याचे ठिकाण व दिनांक यांची नोंद दफ्तरी ठेवावी. परवाना आढळला नाही तर कर्त्याकडून लेखी अनुमती घ्यावी, अथवा तेच काम करणारी मुक्त परवान्याची दुसरी स्क्रिप्ट शोधावी. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची दाखल नोंदवहीत नोंद होते. आज्ञावलीत येणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टचीही तशीच व्हावयास हवी.