पुन्हा तेच पुस्तक

चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, गुलाल उधळतो, 'चांगभलं'चा गजर होतो. दरवर्षी तेच. तरी 'हे गेल्या साली पाहिले' असे म्हणून यात्रेकरू घरी बसत नाही. पुस्तकाच्या बाबतीत मात्र आपली रीत उलटी. वाचलेले, त्यातून विनोदी, पुस्तक पुन्हा उघडताना आपण चोरी केल्यासारखे ओशाळतो. हा संकोच अनाठायी आहे, असे आम्हांस वाटते.

चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हे बडोद्यास पालीचे प्राध्यापक. पण घराघरांत शिरले ते त्यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ. चिमणरावांची फजिती होणार हे वाचकास आधीच ठाऊक असते. मग तो पुन्हा का वाचतो? पहिल्या वाचनात मन 'पुढे काय' यामागे धावते. दुसऱ्या वाचनात ती धावपळ संपते व माणसांचा सहवास उरतो. थकलेल्या मनास नवी काळजी नको असते. ओळखीचे घर हवे असते.

चिमणरावांचे जग आपल्या नित्याचे. परंतु जग सर्वस्वी अद्भुत असले तरी हाच न्याय लागू पडतो. इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यांच्या 'डिस्कवर्ल्ड' मालेत १९८३ ते २०१५ या काळात ४१ कादंबऱ्या निघाल्या. त्यांतील पृथ्वी थाळीसारखी सपाट. ती चार हत्तींच्या पाठीवर, व हत्ती एका प्रचंड कासवावर. आपल्या पुराणांतील दिग्गज व कूर्म ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे परके वाटू नये. तेथे जादूगार आहेत, पण त्यांचे लक्ष जेवणावर. पोलीस आहेत, टपालकचेरी आहे. नवल जगाचे, खोडी मात्र आपल्याच.

त्या मालेत साक्षात मृत्यू हे एक पात्र आहे. हाडांचा सापळा, हाती विळा. पण बोलणे सभ्य आणि मांजरांवर माया. २००७ साली प्रॅचेट यांना स्मृती व बुद्धी पोखरणाऱ्या अल्झायमर रोगाचे निदान झाले. टंकलेखन अशक्य झाले, तेव्हा त्यांनी मजकूर तोंडी सांगून लेखन चालू ठेवले. २०१५ साली ते वारले. ज्याने मृत्यूला विनोदात बसविले, त्याने संकट टाळले नव्हते. त्याच्याकडे पाहण्याचे बळ कमावले होते.

म्हणून दुखणाइताच्या उशाशी किंवा कचेरीतून थकून आल्यावर जुने विनोदी पुस्तक खुशाल काढावे. चार पाने वाचावीत, मोठ्याने हसावे. डोंगरावरून उतरल्यावर प्रपंच तोच असतो. चालणाऱ्याच्या पायांत मात्र थोडे बळ आलेले असते.